मधला भाग फुगू नये म्हणून

मर्गिलानच्या बाजारात, तांबटांच्या आळीला वळसा घालून
जिथे रेशमाच्या रंगाचं पाणी गटाराला लागतं
तिथे माझं दुकान. पाटी नाही.
लाकूड तासतो, खिळे ठोकतो,
रोटीवर उठतो तो ठसा बनवतो.
ज्याचा त्याचा वेगळा.
डोळे मिटून बोट फिरवलं
तरी सांगता येतं, रोटी कुणाच्या तंदूरची.

काल दियोर आला. ताश्कंदहून, तीन महिन्यांचा कोर्स करून,
फोनवर चित्र घेऊन:
मुकुट, गव्हाची लोंबी, नावाचं पहिलं अक्षर,
खाली फोन नंबर
आणि वर कमान करून ‘एक नंबर’.
म्हणाला, “उस्ता, लोकांच्या मनावर ठसा उमटायला हवा.”
मनाचं मला माहीत नाही, पोरा,
मी कणकेपुरतं बघतो.

चित्र उलटं करून लाकडावर उतरवलं
तर दचकला. “हे वाचताच येत नाही!”
लोकांना सुलट दिसायचं
तर आपल्या हातात उलटंच राहतं.

त्याला अंझिरत-ओपाचं सांगणार होतो.
त्याचा फोन वाजत होता. राहिलं.

तिचा ठसा आठ पाकळ्यांचा, एका पाकळीत खिळा कमी.
चूक माझीच, थंडीनं बोटं बधिर झाली होती.
ती म्हणाली, असू दे,
पडक्या दाताचं माणूस लक्षात राहतं.
जुन्या बाबागाडीत, चादरीखाली रोट्या घेऊन
पुलाच्या तोंडाशी उभी राहायची,
लोक म्हणायचे, “पडक्या दाताची द्या.”

मग पिठाच्या टंचाईचा तो हिवाळा.
रोटी तीच, ठसा तोच,
वजन मूठभर कमी.
कुणी भांडलं नाही.
रोटी उचलायचे, तळहातावर जोखायचे
आणि परत ठेवायचे,
जपून, तोंड वर करून,
कारण रोटी पालथी ठेवली तर पाप लागतं.
रोटीचा मान राखून
नुसते पुढच्या गाडीकडे जायचे.

बर्फ वितळल्यावर ती माझ्याकडे आली.
नवा ठसा हवा. अगदी निराळा. तारे, डाळिंब, काहीही.
मी किंमत सांगितली, चहा ओतला.
चहा निवला.
तिनं पिशवीतून जुनाच काढला,
“दोन खिळे झिजलेत, तेवढे बदल.”
आणि ती रिकामी जागा?
“ती राहू दे रिकामी.”

पुढं अकरा वर्षं तिचा उंडा मूठभर जड असायचा.
लोक परत कधी मागू लागले,
पाचव्या वर्षी की सहाव्या,
तिलाही सांगता यायचं नाही.

आज सकाळी दियोर पुन्हा दारात.
हातात पहिली रोटी, टम्म.
मुकुटाच्या पोटात मोकळी जागा होती, खिळा नव्हता,
तिथे वाफ कोंडली, फुगली, करपली.
नंबरातला सात फाटून एक झाला होता.

म्हटलं, ठसा मुळात नावासाठी नसतो रे.
मधला भाग फुगू नये म्हणून टोचायचा असतो.
कडा फुगू देत खुशाल,
लोक कडेचंच तोडून खातात.

तो हसला नाही. रोटीचा फोटो काढला,
बघितला, पुसून टाकला.
मी दाट खिळ्यांचा साधा ठसा दिला.
पैसे घेतले. पूर्ण घेतले.

आता माझंही सांगून टाकतो.
बाजारातून जाताना मी उगाच गाडीवरची चादर उचलतो.
रोटी घ्यायची नसते.
खिळ्यांची ओळ बघतो, माझ्या हातची आहे का.
असली की विचारतो, जसं काही ठाऊकच नाही,
“ठसा कुणाचा हो?”
विकणारा तंदूरवाल्याचं नाव सांगतो.
दर वेळी तंदूरवाल्याचं.
मी बरं म्हणतो
आणि रोटी परत ठेवतो,
जपून,
तोंड वर करून.